विगन कॅसिनो

विगन कॅसिनो : इंग्लंडच्या वायव्य भागातील विगन या शहरात १९७३ ते १९८१ या काळात चाललेला नृत्यक्लब. ‘नॉर्दर्न सोल’ या भूमिगत संगीतचळवळीचे हे सर्वांत गाजलेले केंद्र. नाव कॅसिनो असले तरी येथे जुगार चालत नसे. स्टेशन रोडवरची ही इमारत मूळची एम्प्रेस बॉलरूम, म्हणजे जोडीने नाचण्याच्या जमान्यातले सभागृह. लवचीक लाकडी जमीन आणि भोवतीचा सज्जा ही त्या जमान्याची देणगी पुढे फार उपयोगी पडली.

नॉर्दर्न सोल हे उत्तर इंग्लंडमध्ये रचले गेलेले संगीत नव्हे. गाणी अमेरिकेतली, गायक बहुतेक कृष्णवर्णीय. १९६०च्या दशकाच्या मध्यास डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने ठाशीव ठेक्याच्या सोल गाण्यांवर अमाप यश मिळवले, तेव्हा शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस येथल्या लहानसहान कंपन्यांनीही त्याच धर्तीच्या तबकड्या काढल्या. त्यातल्या बहुतेक खपल्या नाहीत आणि गोदामांत धूळ खात पडल्या. दशक संपता संपता अमेरिकन सोल फंककडे वळला. मँचेस्टर, स्टोक, वुल्व्हरहॅम्प्टनच्या तरुणांना मात्र नाचायला तोच जुना वेगवान ठेका हवा होता. लंडनमध्ये सोल सिटी हे तबकड्यांचे दुकान चालवणारे पत्रकार डेव्ह गोडिन यांनी उत्तरेकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांची ही आवड हेरून तिला नाव दिले आणि १९७०च्या सुमारास आपल्या सदरातून ते रूढ केले.

मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील १९७१ मध्ये आणि स्टोकजवळच्या टन्स्टॉलचा गोल्डन टॉर्च १९७३ मध्ये बंद पडला. दोन्हींमागे उत्तेजक गोळ्यांच्या वापराची आणि पोलिसी दबावाची पार्श्वभूमी होती. ही पोकळी विगनने भरून काढली. स्थानिक डीजे रस विन्स्टन्ली यांच्या पुढाकाराने २३ सप्टेंबर १९७३ रोजी पहाटे दोन वाजता येथे पहिली ‘ऑल-नाइटर’ झाली. पुढे केव्ह रॉबर्ट्स व रिचर्ड सर्लिंग हेही येथील प्रमुख डीजे झाले. नेहमीचे गिऱ्हाईक पांगले की शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री दोनला दारे उघडत आणि सकाळी आठपर्यंत नाच चाले. कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांवर उभ्या राहिलेल्या, जॉर्ज ऑर्वेलच्या १९३७च्या पुस्तकामुळे दारिद्र्याचे प्रतीक ठरलेल्या या शहराकडे आता देशभरातून तरुण कामगार आगगाडीने आणि बसने येऊ लागले.

ऑल-नाइटरमध्ये दारू मिळत नसे. हे लोक खरोखरच नाचायला येत. बहुतेक जण एकेकटे नाचत; गिरक्या, उंच लाथा, पाठीवर झोकून देऊन ठेक्यावर पुन्हा उभे राहणे या हालचालींसाठी जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरत. पायघोळ विजारी, बनियन, चामडी तळाचे बूट असा वेष असे. खांद्यावरच्या पिशवीत पावडर, टॉवेल आणि बदलायचे कपडे. पिशवीवर वळलेल्या मुठीचे कापडी बिल्ले शिवलेले. एकीकडे तबकड्यांची खरेदी-विक्री आणि अदलाबदल रात्रभर चाले. शेवटची तीन गाणी ठरलेली असत : टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश यांची. त्यांना ‘थ्री बिफोर एट’ म्हणत.

या चळवळीत मान असे तो दुर्मीळ गाणे शोधून आणणाऱ्याला. अमेरिकेत जाऊन गोदामे उपसायची, सापडलेल्या तबकडीच्या लेबलवर कागद चिकटवायचा आणि खोटे नाव सांगून ती वाजवायची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला माग लागू नये, ही डीजेंची रीत होती. सर्वांत विलक्षण उदाहरण फ्रँक विल्सन यांच्या ‘डू आय लव्ह यू’चे. १९६५ मध्ये मोटाउनच्या एका उपशाखेने छापलेली ही तबकडी विल्सन यांनी गायकीऐवजी निर्मात्याचे काम पत्करल्याने बाजारात आलीच नाही. प्रती नष्ट करण्यात आल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. विगनमध्ये ती एडी फॉस्टर या खोट्या नावाने वाजली आणि चळवळीचे जणू राष्ट्रगीत झाली. २००९ मध्ये तिची एक प्रत २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. सर्लिंग यांनी १९७३ मध्ये फिलाडेल्फियात मिळवलेले ग्लोरिया जोन्स यांचे ‘टेंटेड लव्ह’ हे असेच पडलेले गाणे. सॉफ्ट सेल या जोडीने ते १९८१ मध्ये नव्याने गायले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले.

श्रोत्यांनी अशी गाणी दुसऱ्यांदा जन्माला घातली, हे कॅसिनोचे खरे कर्तृत्व होय. अमेरिकेत विस्मृतीत गेलेल्या गायकांना इथे हजारोंचा समुदाय मिळाला. टॉमी हंट यांच्या येथील मैफलीचे ध्वनिमुद्रणही निघाले. पण मागणी वाढली तशा चोरट्या आवृत्त्याही निघाल्या आणि त्यांतून गायकांच्या हाती काही पडले नाही. तबकडीसाठी महिन्याची कमाई ओतणाऱ्या चळवळीच्या लेखी ही मोठी उणीवच आहे.

प्रसिद्धीने भूमिगतपण ओसरले. १९७५ मध्ये विगन्स चोझन फ्यू आणि विगन्स ओव्हेशन या नावांच्या तबकड्या लोकप्रियतेच्या यादीत चढल्या, कॅसिनोचे नर्तक ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसले. जुन्या रसिकांना ही उथळ, केवळ वेगाच्या मागे लागलेली गाणी मुळीच रुचली नाहीत. त्याच सुमारास ब्लॅकपूल मेक्का येथे इयन लेव्हीन व कॉलिन कर्टिस हे डीजे नवा, १९७०च्या दशकातला सोल वाजवू लागले. विगनचा जुना ठेका की ब्लॅकपूलचा नवा, या प्रश्नावर रसिकांत कडवट फूट पडली. टोनी पामर यांनी १९७७ मध्ये ग्रॅनडा दूरचित्रवाणीसाठी केलेल्या माहितीपटात कॅसिनोची नृत्यभूमी आणि बाहेरचे औद्योगिक विगन एकमेकांशेजारी दिसतात. त्या रात्रींचे चित्रण म्हणून तो आजही मोलाचा आहे.

कॅसिनोची शेवटची रात्र ६ डिसेंबर १९८१ची. अखेरचे गाणे म्हणून फ्रँक विल्सन यांचीच तबकडी वाजली. १९८२ मध्ये इमारतीला आग लागली आणि पुढच्या वर्षी ती पाडण्यात आली. त्या जागी आता ग्रँड आर्केड हे खरेदी-संकुल आहे. ऑल-नाइटर मात्र स्टॅफर्डसारख्या ठिकाणी चालू राहिल्या. तिथल्या डीजेंनी आधी न वाजलेल्या गाण्यांवर भर दिला आणि गोदामांतला शोध पुढे नेला.