आजोबांची विडी आणि विम्याची वही

धूम्रपानाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास आजोबांचा दाखला देतो. ‘आमचे आजोबा जन्मभर विडी ओढीत, नव्वदी ओलांडून गेले!’ दाखला खोटा नसतो. परंतु अशा दाखल्याचे मोल किती, हे ठरविण्याची रीत विम्याच्या व्यवहारात फार पूर्वीच रुळली. कारण तेथे अंदाज चुकला तर त्याची किंमत रोख मोजावी लागते.

१६९३ साली एडमंड हॅली या ज्योतिर्विदाने ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता सिद्ध केला. कोण मरेल हे असा तक्ता सांगत नाही. एका वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात साधारण किती मरतील, एवढेच सांगतो. विम्याला तेवढे पुरते.

समजा, एखाद्या कंपनीकडे वर्षात धूम्रपान करणाऱ्यांचे ४० मृत्युदावे आले व न करणाऱ्यांचे ६०. घाईने पाहणारा तंबाखूला निर्दोष ठरवील. पण पहिल्या वर्गात ५,००० विमेदार व दुसऱ्यात १५,००० असतील, तर हजारी प्रमाण अनुक्रमे ८ व ४ पडते, निकाल उलटला! तरीही पहिल्या वर्गात वृद्धच अधिक असतील, ही शंका उरते. म्हणून प्रत्येक वयोगटात तक्त्याप्रमाणे किती दावे अपेक्षित होते ते काढावयाचे आणि प्रत्यक्ष दाव्यांना त्या संख्येने भागावयाचे. सारी युक्ती एवढीच.

१९३८ साली बाल्टिमोर येथील जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी असे तक्ते तंबाखूसाठी मांडले. तिशीतल्या दर शंभर पुरुषांपैकी साठाव्या वर्षी तंबाखू न वापरणारे सुमारे ६७, बेताने ओढणारे ६२ आणि अतोनात ओढणारे अवघे ४६ हयात राहतात, असे त्यांना आढळले. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या स्टेट म्युच्युअल कंपनीने सिगारेट न ओढणाऱ्यांना कमी हप्त्याचा विमा देऊ केला. पुढे १९७९ साली तिच्या गणितींनी आपल्याच वह्या तपासल्या. धूम्रपान करणाऱ्यांचे मृत्युप्रमाण दुपटीहून अधिक निघाले. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या २०१९ मधील ‘जीवन अमर’ योजनेतही या दोन वर्गांचे हप्ते वेगळे ठेवले गेले.

तथापि, एक मातब्बर आक्षेप उरला होता. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, जे स्वतः पाईप ओढीत, १९५० नंतरच्या दशकात म्हणत होते की, धूम्रपानाची ओढ आणि रोगाची प्रवृत्ती या दोन्ही जन्मजात असू शकतील. मग दोष तंबाखूचा कसा? आक्षेप तर्कशुद्ध होता. त्याला उत्तर देण्यास ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्याकडेच पाहावे लागले. कारण सवय सुटली तरी जन्मजात प्रकृती बदलत नाही.

रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी व मृत्यू यांची नोंद सुरू केली. २००४ साली पन्नास वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सिगारेट न सोडणारे सरासरीने दहा वर्षे आधी गेले होते. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, तर चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ वर्षे परत मिळविली. प्रकृतीच कारण असती, तर सोडण्याच्या वयाप्रमाणे लाभ असा पायरीपायरीने वाढला नसता.

आता पुन्हा आजोबांकडे वळू. पर्ल यांच्या तक्त्यातही शंभरांतले ४६ साठी गाठतातच, आजोबा त्यांच्यापैकी. उरलेल्या ५४ जणांपैकी कित्येकांना नातवंडांचे तोंडही पाहावयास मिळाले नसेल. त्यांचा दाखला बैठकीत देणार कोण? त्यांची आठवण विम्याच्या वहीने ठेवली. माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसाला ती वही भीती दाखवीत नाही. अजून काय हाती आहे, ते आकड्यांत सांगते.