शके ११८२ : चाणजे आणि कुब्लाईखान

इतिहासातले सन पाठ करायला मुले कंटाळतात. एकेकटा सन पाठ करायचा म्हटले तर कोणीही कंटाळेल. पण दोन दूरच्या देशांतला एकच सन शेजारी शेजारी मांडून पाहिला, तर कधी कधी मोठी गंमत दिसते. शिक्षक असताना मला तो नाद लागला आणि निवृत्तीनंतरही तो सुटलेला नाही. इ.स. १२६० हे असेच एक साल आहे.

आपल्या उरण तालुक्यातल्या चाणजे गावी सापडलेल्या एका शिलालेखावर शके ११८२ म्हणजे इ.स. १२६० हे वर्ष कोरलेले आहे. लेख उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या सोमेश्वर राजाचा. जवळच्या रानवडचा त्याचाच लेख आदल्या वर्षीचा, शके ११८१ चा. चाणजे येथील एका वाडीचे उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद या शिळेवर आहे. रक्कम द्रम्म या नाण्यांत सांगितली आहे.

त्याच १२६० साली कुब्लाई मंगोलांचा महाखान झाला आणि त्याने चीनमध्ये कागदी चलन काढले. म्हणजे इकडे वाडीचा हिशेब द्रम्मांत दगडावर कोरला जात होता, तेव्हा तिकडे तुतीच्या सालीच्या कागदावर राजमुद्रा उमटून तोच पैसा म्हणून चालू लागला होता.

कुब्लाईचा जन्म १२१५ चा. चंगीझखानाचा धाकटा मुलगा तोलुई, त्याचा हा मुलगा. बाप लवकर गेला. आई सोरघाघ्तानी ख्रिस्ती होती, पण सगळ्या धर्मांना मान देणारी होती. तिने चार मुलांना एकटीने वाढवले आणि राज्यकारभाराचे धडे दिले. थोरला मोंगके १२५१ मध्ये महाखान झाला. हुलागूने १२५८ मध्ये बगदाद जाळले. १२५९ मध्ये चीनच्या स्वारीवर असताना मोंगके वारला आणि कुब्लाई व सर्वांत धाकटा अरिक बोके यांच्यात भाऊबंदकी पेटली. ती चार वर्षे चालली. १२६४ मध्ये धाकटा शरण आला. आपल्याकडच्या घराण्यांचा इतिहास वाचलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही!

पुढे १२७१ मध्ये कुब्लाईने आपल्या राजवंशाला चिनी पद्धतीचे युआन हे नाव घेतले. आजच्या बीजिंगच्या जागी त्याची दादू ही राजधानी होती. दक्षिणेत सोंग घराणे मात्र अजून टिकून होते. तो प्रदेश नद्यांचा आणि खाड्यांचा, तिथे घोडदळाचा उपयोग थोडा. म्हणून कुब्लाईने आरमार उभारले, ते मुख्यतः जिंकलेल्या चिनी लोकांच्या हातून. १२७९ मध्ये यामेन येथे समुद्रावर शेवटची लढाई झाली. सर्व संपले हे पाहून सोंगांच्या मंत्र्याने सात-आठ वर्षांच्या बालसम्राटाला पाठीशी घेतले आणि समुद्रात उडी टाकली.

हे वाचताना मला आपला सोमेश्वर आठवतो. चाणजेच्या लेखानंतर चार-पाच वर्षांतच देवगिरीचा महादेव यादव कोकणावर चालून आला. जमिनीवर टिकाव लागेना म्हणून सोमेश्वर गलबतात चढला. यादवांनी समुद्रावरही त्याला गाठले आणि तो तिथेच बुडून मेला. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने हा प्रसंग मोठ्या अभिमानाने सांगितला आहे. महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल बरा वाटला, असा त्याचा भाव. जिंकणाऱ्याच्या मंत्र्याने लिहिलेला इतिहास असाच असायचा.

एकाच पिढीत दोन किनाऱ्यांवर दोन घराण्यांचे शेवटचे राजे पाण्यात गेले. पण कुब्लाईची गोष्ट इथे संपत नाही. जमीन जिंकली तसा समुद्रही आपला झाला, असे त्याला वाटले असावे. जपानवर त्याने १२७४ आणि १२८१ अशा दोन स्वाऱ्या केल्या. दुसऱ्या वेळी ऑगस्टमध्ये वादळाने आरमाराचा चुराडा झाला. श्रावणाच्या सुमाराचे ते दिवस. नारळी पौर्णिमेआधी होडी बाहेर काढू नये हे उरण-करंजाच्या कोळ्याच्या पोरालाही कळते, पण राजाज्ञेला नारळी पौर्णिमा नसते. १२८८ मध्ये व्हिएतनामच्या बाख डांग नदीत तिथल्या लोकांनी तळाशी टोकदार खांब रोवून ठेवले. भरतीच्या पाण्यावर मंगोलांची गलबते आत आली आणि ओहोटी लागताच खांबांवर अडकली. १२९३ मध्ये जावा बेटावरूनही फौज हात हलवत परतली.

या आरमारांत बुडाले कोण? बरेचसे कोरियाचे आणि दक्षिण चीनचे खलाशी व शिपाई. लाकूड त्यांच्या रानातले, कारागीर त्यांचे, हुकूम मात्र खानाचा. कुब्लाईचे साम्राज्य नकाशावर रंगवताना ही माणसे कुठल्याच रंगात दिसत नाहीत. त्याची राणी चाबी हिला मात्र काही दिसले होते. सोंगांचा लुटलेला खजिना तिच्यापुढे मांडला तेव्हा ती खिन्न झाली. कुठलेही राज्य हजार वर्षे टिकत नाही, आपल्या मुलाबाळांवर ही पाळी न येवो, अशा अर्थाचे ती बोलल्याची नोंद चिनी इतिहासात आहे.

१२८१ मध्ये चाबी गेली, पुढे पाचेक वर्षांत युवराज झेनजिनही गेला. म्हातारा कुब्लाई दारू आणि संधिवात यांनी जर्जर होऊन १२९४ मध्ये वारला. १३६८ मध्ये युआनांची चीनमधली सत्ता संपली. इकडे १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत यादवांचेही राज्य बुडाले.

हे सगळे उरणला बसून लिहितो याला कारण आहे. मोठ्या हुकमाची किंमत किनाऱ्यावरच्या माणसाने मोजायची, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. जमिनीच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघरला गोळीबार झाला, त्यात आमचे पाच शेतकरी हुतात्मा झाले. राज्यविस्तार किती चौरस मैलांचा, हा प्रश्न परीक्षेत येतो. तो जरूर यावा. पण त्याच्या शेजारी दुसराही प्रश्न मांडायला मुलांना शिकवले पाहिजे, की हा विस्तार कोणाच्या होडीतून आणि कोणाच्या वाडीवरून झाला?

कुब्लाईचे नाव जगाला माहीत आहे. त्याची काळजी घ्यायला पुष्कळ लोक आहेत. चाणजे आणि रानवड ही नावे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या दगडांमुळे इतिहासात आली, त्यांची आठवण मात्र आपणच ठेवायची आहे. घरातल्या नातवंडांना निदान तेवढे सांगा.