घर एक, पत्ते चार

कुम्हारीच्या आमच्या घरात माळ्यावर तीन ट्रंका आहेत. पहिलीत आजोबांचे कागद, दुसरीत पत्रं आणि तिसरीत आईने जमवलेले फोटो. आईने शेवटचा अल्बम १९८७ साली पुरा केला. त्यानंतरचे सगळे फोटो स्टुडिओच्या पाकिटांतच राहिले आणि प्रत्येक पाकिटावर तिच्या अक्षरात एकच शेरा: ‘लावायचे आहेत’. ती गेल्यावर हे ‘लावायचे आहेत’ माझ्याकडे आलं आणि मीही चार वर्षं ते पुढे ढकललं. या हिवाळ्यात काम हाती घेतलं, कारण जुन्या फोटोंतले चेहरे ओळखणारी आत्या एकटीच उरली आहे. ती ८४ वर्षांची आहे, दुर्गला राहते, आणि तिची नजर दर महिन्याला कमी होते आहे.

आजोबांचे कागद एका लाल फडक्यात बांधलेले निघाले. मराठी इतिहास वाचणाऱ्याला अशा गाठोड्याचं नाव ठाऊक असतं: रुमाल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद असेच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावी, घरोघरी फिरून असलेच रुमाल सोडायला लावत. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. हे सगळं मी कॉलेजात आवडीने वाचलं होतं. घरचा रुमाल मात्र सोडून पाहिला नव्हता.

छत्तीसगढात मराठी आडनाव सांगितलं की लोक थेट भोसल्यांपर्यंत जातात. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले, पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. आमचं घराणं त्या स्वारीतलं नव्हे. आम्ही आलो रेल्वेमागून. आजोबा नागपूरहून बंगाल-नागपूर रेल्वेत कारकून म्हणून रायपूरला आले आणि १९४८ साली कुम्हारीत जागा घेऊन त्यांनी घर बांधलं. खारून नदीच्या अलीकडे रायपूर जिल्हा, पलीकडे दुर्ग. आमचं घर दुर्गात. इंग्रजी कागदांवर त्या जिल्ह्याचं स्पेलिंग ‘ड्रग’ असं असे. लहानपणी आम्हाला त्याचं फार हसू यायचं.

बहुतेक पत्रांवर साल नव्हतं. नुसती तिथी, तीही मराठी पद्धतीची. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे नागपूरच्या पत्रातला श्रावण वद्य पक्ष इथल्या पंचांगात भादो असतो. साल शोधायला टपालखात्याची मदत झाली. अंतर्देशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० पासून सुरू झालं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. म्हणून आण्यांची छपाई असलेलं अंतर्देशीय साधारणपणे या दोन तारखांच्या मधलं. पत्त्यात पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. एवढ्या तीन खुणांवर दीडएकशे पत्रांचे ढीग पडले.

ढीग ओळीने मांडले तेव्हा पत्त्यांकडे लक्ष गेलं. सगळ्यात जुन्या पत्रांवर कुम्हारीपुढे ‘सी. पी.’ आहे. १९५० पासून ‘म. प्र.’ येतं. ते १९५६ नंतरही तसंच दिसतं, पण ते वेगळं राज्य आहे. पहिल्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि तिथे हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि पुढे १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. आमचा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला, राजधानी भोपाळ. अक्षरं तीच दोन, राज्य दुसरं. मग १ नोव्हेंबर २००० ला ‘छ. ग.’ आलं. घर तसूभर हललं नाही आणि त्याने चार पत्ते पाहिले. पिनकोडाचे पहिले दोन आकडे, ४९, तेवढे टिकून आहेत.

आजोबांचे धाकटे भाऊ नागपूरच्या सचिवालयात होते. पुनर्रचनेत नोकरांचीही वाटणी झाली आणि त्यांच्या वाट्याला मुंबई आली. त्या हिवाळ्यातलं त्यांचं पत्र कोरडं आहे: बिऱ्हाड हलवायचा खर्च, मुलांच्या शाळेचे दाखले, आईचं औषध. भांडण नाही, रुसवा नाही. पण आधीच्या ढिगात महिन्याला दोन पत्रं आहेत आणि नंतरच्या ढिगात वर्षाला दोन, दिवाळीचं आणि संक्रांतीचं. हे पत्रं वाचून कळलं नव्हतं, मोजल्यावर कळलं.

अक्षरांचंही तसंच. पणजोबांचा हिशेब मोडीत, तो आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. आजोबा-आजीची पत्रं बाळबोधीत. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी त्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. देशभरातून माणसं आली आणि कारखान्याच्या वस्तीत सगळ्यांची बोलायची भाषा हिंदी झाली. माझ्या शाळेच्या वह्या हिंदीत आहेत. पुतण्याचे निरोप फोनवर रोमन अक्षरांत येतात. त्याला देवनागरी वाचता येते, पण ‘श्रा. व.’ म्हणजे काय ते सांगावं लागतं. फोटोखाली ओळ लिहायची ती कोणासाठी, हा प्रश्न पहिल्या पानापासूनच होता.

आईने ऐंशीच्या दशकात जुने फोटोही चिकट पानांच्या अल्बमात हलवले होते. तो गोंद आता पिवळा पडून फोटोला घट्ट धरून बसला आहे. पहिला फोटो मी घाईने ओढला आणि पाठीमागचा कागद फाटला. नंतर शहाणपण सुचलं: शिवणाचा दोरा फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू सरकवायचा. पण त्या पहिल्या फोटोमागचं साल गेलं ते गेलंच. आजीच्या अक्षरातले एवढेच शब्द उरले: ‘भोजली. श्रा. व. १’.

फोटोत आजी ओसरीवर बसली आहे आणि शेजारी एक सावळी, उंच बाई, हातात चांदीचे ऐंठी. दोघींच्या कानांमागे कसलीशी पात खोचलेली. भोजली हा इथला सण मला माहीत होता: श्रावणात टोपलीत गहू पेरून अंधारात वाढवतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या श्रावण वद्य प्रतिपदेला, ती पिवळी रोपं तलावात शिरवतात. म्हणून मी खाली ‘भोजलीचा सण’ असं लिहून टाकलं.

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला, मग खिडकीकडे धरला. “सण काय लिहितोस? ही भोजलीच आहे. आईची भोजली.”

छत्तीसगढात मितान बदतात. दोघी जणी एकमेकींच्या कानात भोजलीची रोपं खोचतात आणि जन्माच्या सख्या होतात. जात आड येत नाही. त्यानंतर नावाने हाक मारायची नाही. ‘सीताराम भोजली’ म्हणायचं. हे नातं दोन्ही घरांच्या सुखदुःखात पाळलं जातं. आत्याच्या लग्नात भोजलीने मावशीचा मान घेतला होता. ५६ च्या हिवाळ्यात नागपूरची माणसं मुंबईला गेली आणि आजी तापाने पडली, तेव्हा पंधरा दिवस चूल तिनेच सांभाळली.

“नाव काय तिचं?”

“आई कधी घ्यायची नाही. आम्ही भोजलीदाई म्हणायचो.”

मी जो वंशवृक्ष तयार करत होतो त्यात ती कुठेच बसत नव्हती. राज्याची सीमा सरकली आणि मराठी घर एकटं पडलं, एवढीच गोष्ट मी तीन महिने कागदांतून लावत होतो. आजीचे दिवस मात्र तितके एकटे गेले नव्हते. पत्रं दुरून येतात, म्हणून दुरावा कागदावर उतरतो. शेजारीण पत्र लिहीत नाही.

जुन्या वस्तीत विचारत गेलो. तिचा नातू भेटला. त्यांच्या घरी तिचा एकही फोटो नव्हता. मी प्रत काढून नेली तेव्हा घरातली सगळी पोरं जमली आणि नाव पहिल्या झटक्यात कळलं. ते मी अल्बमात लिहिलं आहे, मराठीत आणि हिंदीत, नातं आणि तिथीसकट. इथे लिहीत नाही. आजीने जन्मभर घेतलं नाही.

अजून सव्वीस पाकिटं बाकी आहेत. रविवारी आत्या येणार आहे.