टेस्लाची राहून गेलेली ज्योत

पाइपावर एका थरात गुंडाळलेली तांब्याची तार, तिच्या वरच्या टोकाला टंगस्टनची छोटी काडी आणि काडीच्या शेंड्यावर जांभळट-पांढरी ज्योत. खाली वात नाही, गॅस नाही, जळायला काहीच नाही. आवाज जवळजवळ नाहीच, आणि फुंकर घातली की ज्योत वाकते. घरी बनवता येणारी उच्च वारंवारतेची छोटी सॉलिड स्टेट टेस्ला कॉइल ही अशी दिसते. टेस्ला कॉइल म्हणजे कडाडणारी कृत्रिम वीज, असं चित्र मनात घेऊन आलेल्याचा थोडा हिरमोडच होतो. पण निकोला टेस्लाने १८९१ साली ज्या ज्योतीची कल्पना मांडली होती, तीच ही. ती पेटायला इतका काळ गेला, कारण गुंडाळी तेव्हाच सापडली असली तरी तिच्याजोगा स्विच अजून सापडायचा होता.

या कुळाची सुरुवात १८३१ची. मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या केल्या आणि पाहिलं की, पहिलीतला प्रवाह सुरू किंवा बंद होतो त्या क्षणीच दुसरीत वीज जाणवते. एकसारखा वाहणारा प्रवाह इथे कुचकामी. म्हणजे तो कोणीतरी सतत तोडायला आणि जोडायला हवा. १८३६मध्ये आयर्लंडच्या मेनूथ कॉलेजातला धर्मगुरू-प्राध्यापक निकोलस कॅलन याने कमी-जास्त फेऱ्यांच्या गुंडाळ्या वापरून मोठा विद्युतदाब मिळवला. पॅरिसमधला जर्मन कारागीर हाइनरिश रूमकॉर्फ याने तेच यंत्र इतकं नेटकं केलं की, १८६४मध्ये त्याला ५० हजार फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक मिळालं. त्याच्या कॉइलमध्ये तोडजोड करायची ती थरथरणारी पत्ती, जुन्या विजेच्या घंटेत असते तशी. सेकंदाला फार तर काहीशे खटके, एवढीच तिची धाव.

दुसरा धागा वेगाचा. कपॅसिटरमधली वीज ठिणगीतून बाहेर पडते तेव्हा ती एका दिशेने रिकामी न होता पुढे-मागे हेलकावते, हे विल्यम थॉमसनने १८५३मध्ये गणिताने दाखवलं. हे हेलकावे सेकंदाला लाखोंच्या घरात जाऊ शकतात. हाइनरिश हर्ट्झने १८८७पासून कार्ल्सरूह इथे अशाच ठिणग्यांतून विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या.

टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये हे प्रयोग पुन्हा करून पाहिले. रूमकॉर्फच्या पत्तीची गती त्याला अपुरी वाटली. त्याने ३८४ ध्रुवांचा अल्टरनेटर बांधला. त्यातून सेकंदाला सुमारे १० हजार आवर्तनं मिळत. त्यावर लोखंडी गाभ्याची कॉइल जोडली तर गाभा तापून इन्सुलेशन वितळू लागलं. पुढे त्याने गाभाच काढून टाकला, कपॅसिटर आणि ठिणगीची फट आणली आणि दोन्ही गुंडाळ्या एकाच वारंवारतेला जुळवल्या. आजही टेस्ला कॉइल म्हणतात ती या जुळवणीला.

२० मे १८९१ रोजी कोलंबिया कॉलेजात, अमेरिकन विद्युत अभियंत्यांसमोर त्याने हे प्रयोग दाखवले. कॉइलच्या टोकावरचा विसर्ग कधी धाग्यासारखा, कधी झोतासारखा, कधी ब्रशच्या केसांसारखा कसा दिसतो, याचं बारीक वर्णन केलं. काहीही न जाळता, कसलीही रासायनिक क्रिया न होता खरी ज्योत तयार करता येईल. त्यासाठी प्रचंड वारंवारता आणि मोठा दाब निर्माण करायच्या पद्धती तेवढ्या सुधारायला हव्यात, असंही त्याने त्याच व्याख्यानात सांगितलं.

अडचण नेमकी तिथेच होती. अल्टरनेटर अखंड चाले, पण मंद होता. ठिणगीची फट वेगवान होती, पण तुटक: एका ठिणगीतून हेलकाव्यांची एक लड निघे आणि विझून जाई, मग कपॅसिटर पुन्हा भरेपर्यंत शुकशुकाट. दरम्यान हवा थंड होई. पुढची लड तिला पुन्हा झटक्यात तापवी, आणि तो झटका म्हणजेच कडाडणं. १८९९मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला टेस्लाने हीच वाट अजस्र आकारात चालून पाहिली. जगाच्या मनात ठसली ती ही गर्जना. ज्योत मागे पडली.

अखंडपणा आणि वेग एकत्र आणले ते व्हॉल्व्हने, म्हणजे जुन्या रेडिओतल्या निर्वात नळीने. एडविन आर्मस्ट्राँगने १९१२च्या सुमारास दाखवलं की, व्हॉल्व्हच्या बाहेर पडणाऱ्या विजेचा अंश आत परत दिला, तर तो स्वतःहून आणि न थांबता दोलन करतो. बिनतारी संदेशांतून ठिणगी हद्दपार झाली आणि हौशी लोकांच्या व्हॉल्व्ह कॉइली पुढे आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये सीगफ्रीड क्लाइन याने अशाच छोट्या विसर्गाला संगीताच्या तालावर कमी-जास्त करून पडद्याविना वाजणारा स्पीकर केला, नाव आयनोफोन. पण मोठ्या व्हॉल्व्हला हजारो व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो, आणि तो घरातल्या टेबलावर जीवघेणा ठरतो.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या पॉवर मॉस्फेट या अर्धवाहक स्विचने हा हजारोंचा आकडा खाली आणला. आयजीबीटी हा दुसरा अर्धवाहक स्विच त्याहून ताकदवान. त्याच्या घडणीत अभियंते बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा. आजच्या मोठ्या, गाणाऱ्या कॉइली त्यावरच चालतात. पण बंद होताना तो रेंगाळतो, मेगाहर्ट्झच्या शर्यतीत बसत नाही. मॉस्फेट बसतो, मात्र त्यालाही उष्णता मारते. चालू-बंद होण्याच्या मधल्या क्षणी त्याच्यावर दाबही असतो आणि त्यातून प्रवाहही वाहतो. हे सेकंदाला कोटी वेळा झालं की तो भाजून निघतो.

यावरचा तोडगा पॉवर मॉस्फेट बाजारात येण्याआधीच, १९७५मध्ये, अभियंते नेथन सोकल आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन यांनी ‘क्लास ई’ या नावाने प्रसिद्ध केला. स्विचभोवतीची कॉइल आणि कपॅसिटर असे निवडायचे की, त्याच्यावरचा दाब आपोआप शून्यावर उतरेल तेव्हाच तो चालू होईल. क्लच दाबून गिअर टाकावा तसं हे. गिअर तोच, पण दाते झिजत नाहीत. 

आता टेस्लाची अट पुरी होते. काही मेगाहर्ट्झवर हवेला दोन आवर्तनांमध्ये थंड व्हायला सवडच मिळत नाही. तापलेली, विजेला वाट देणारी हवा तशीच टिकते. समोर दुसरा ध्रुव नसला तरी आसपासच्या अवकाशाच्या कपॅसिटन्समधून प्रवाह वाहत राहतो, आणि वारंवारता वाढेल तसा तो वाढतो. म्हणून मोठ्या कॉइलइतका प्रचंड दाब लागत नाही. झटका नाही म्हणून आवाज नाही. गरम हवा वर चढते म्हणून तिला ज्योतीचा आकार.

घरच्या बांधणीत म्हणूनच फेऱ्यांपेक्षा स्विचचीच काळजी जास्त. दुय्यम गुंडाळीसाठी ५० मिलिमीटरच्या पाइपावर एनॅमलच्या तारेचे साठेक फेरे पुरतात. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते, बाकीचं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत. एवढ्यात ६-७ मेगाहर्ट्झ गाठता येतात. मॉस्फेट निवडताना मात्र ध्यानात ठेवायचं की, क्लास ईमध्ये त्याच्यावर पुरवठ्याच्या साडेतीन पटींहून जास्त दाब चढतो. ६० व्होल्टचा पुरवठा म्हणजे २१० व्होल्टच्या वरचा ताण. २०० व्होल्टचा आयआरएफपी २६० इथे उडेल, ५०० व्होल्टचा आयआरएफपी ४६० तगेल. घरातली २३० व्होल्टची वीज थेट रेक्टिफाय केली तर ३२५ व्होल्ट डीसी मिळतात. तिथे मॉस्फेटचंच नव्हे, बनवणाऱ्याचंही मरण. पुरवठा ट्रान्सफॉर्मरमधूनच घ्यावा.

ज्योत पेटली की ती स्वतःच कपॅसिटन्स वाढवते आणि जुळलेली वारंवारता खाली सरकते. स्वतःहून दोलन करणारं सर्किट तिच्यामागे जातं. पण ते ७ मेगाहर्ट्झच्या आसपास भटकलं तर हॅम रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात गोंगाट करतं. क्रिस्टलने १३.५६ मेगाहर्ट्झवर बांधलेलं सर्किट जागचं हलत नाही. ती वारंवारता १९४७पासून उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठी राखून ठेवलेली आहे. तिथे ज्योत पेटलेली धरूनच जुळवणी करावी लागते, शिवाय जाळीचा पिंजरा आणि खेळती हवा हवीच. या वारंवारतेला नसा दाद देत नाहीत, त्यामुळे शॉक जाणवत नाही आणि बोट आतून भाजतं. पेसमेकर असलेल्याने दूरच राहावं.

आयजीबीटीवाल्या बालिगा यांनीच १९८०च्या दशकात पॉवर स्विचसाठी कोणतं अर्धवाहक द्रव्य किती सरस, हे मोजायचं सूत्र दिलं. त्यात सिलिकॉनपेक्षा वरच्या ठरणाऱ्या द्रव्यांपैकी गॅलियम नायट्राइड आज फोनच्या चार्जरमध्ये येऊन बसलं आहे. घरगुती कॉइलची पुढची पिढी बहुधा तिथून निघेल. गुंडाळीत फारसं काही बदलायचं उरलेलं नाही.