बटण, तार आणि टेस्ट लॅम्प

मंडळी, या वीकेंडला सॉफ्टवेअरला सुट्टी. आजचा विषय आहे गाडीच्या दारावरचं छोटंसं बटण. दाबलं की चारही दारांतून 'खट्' असा आवाज येतो, तेच. आपण त्याला सेंट्रल लॉकिंग म्हणतो आणि त्याचा विचार करतो फक्त ते बंद पडल्यावर! मला त्याचा इतिहास वाचताना मजा आली, कारण हा खरं तर डीबगिंगचा इतिहास आहे. आणि तो शेवटी कोर्टकचेरीपर्यंत जातो.

सुरुवात अमेरिकेत. डेट्रॉइटच्या स्क्रिप्स-बूथ कंपनीने १९१४ च्या सुमारास विजेवर चालणारी दाराची कुलपं आणली. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १९५६ साली पॅकार्डने ती पुन्हा आणली आणि मग हळूहळू महागड्या गाड्यांत ती रुळली.

सगळ्यांनी विजेचाच रस्ता धरला असंही नाही. १९७६ मध्ये आलेल्या मर्सिडीझच्या डब्ल्यू १२३ मालिकेत सेंट्रल लॉकिंग चालायचं निर्वातावर. पातळ नळ्या दारादारांत गेलेल्या, नळीतली हवा ओढली गेली की कुलूप हलतं. त्यातल्या डिझेल गाड्यांत चावीने इंजिन बंद करायचं कामही निर्वातावरच होतं. त्यामुळे दाराची नळी गळायला लागली तर कधीकधी चावी काढली तरी इंजिन सुरूच! एका मोड्यूलमधला लीक, भलतंच मोड्यूल आजारी. ओळखीचं वाटतंय ना?

विजेच्या कुलपात दारात एक छोटी मोटर असते. एका दिशेला फिरली की बंद, उलट फिरली की उघडं. दिशा बदलायची म्हणजे मोटरच्या दोन तारांवरचे प्लस आणि अर्थ उलटे करायचे. जुन्या बऱ्याच गाड्यांत हे काम थेट बटणच करायचं. त्याला पाच तारा: एक प्लस, दोन अर्थ, दोन मोटरकडे. बटण मोकळं असताना मोटरच्या दोन्ही तारा अर्थला. दाबलं की एक प्लसला जाते, दुसरी अर्थलाच राहते.

गंमत अशी की मोटरला अर्थसुद्धा बटणातूनच मिळतं. बटणात प्लस येतोय, बाहेर पडतोय, तरी मोटर ढिम्म! कारण न दाबलेल्या बाजूचा काँटॅक्ट काळा पडलाय. त्यात दोन बटणं एकापुढे एक जोडलेली असतील तर बिघडतं शेजारच्या सीटचं बटण आणि काम थांबतं ड्रायव्हरच्या बटणाचं.

हे शोधायला वायरिंगवाल्याला पुरायचा एक टेस्ट लॅम्प. १२ व्होल्टचा बल्ब, एक वायर चिमट्याने बॉडीला, दुसरीला टोकदार सुई. दिसायला गावठी, पण एका बाबतीत मल्टिमीटरपेक्षा हुशार. गंजलेल्या, जेमतेम चिकटलेल्या जोडावरही मल्टिमीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. मोटरला मात्र काही अँपिअर लागतात. बल्ब स्वतः करंट मागतो, म्हणून तो मिणमिणतो आणि खरं काय ते सांगून टाकतो. आपल्या भाषेत लोड टेस्टिंग!

आपल्याकडे साध्या गाड्यांत बरीच वर्षं ही सोय कंपनीकडून मिळायची नाही. लोक अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात किट बसवून घ्यायचे. त्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरला पाच तारा असायच्या, मागच्या दारांना दोनच. जास्तीच्या तीन तारा आतल्या छोट्या स्विचच्या. तो मोटर चालवत नाही, 'चावी फिरली' एवढंच कंट्रोल बॉक्सला कळवतो. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. बटण आता कामगार राहिलं नाही, निरोप्या झालं.

पुढची पायरी म्हणजे एकाच तारेवर दोन निरोप. 'बंद'साठी एक रेझिस्टन्स, 'उघड'साठी दुसरा, आणि कॉम्प्युटर व्होल्टेज मोजून ठरवणार. काँटॅक्टवर मळ बसला की रेझिस्टन्स वाढतो आणि निरोपाचा अर्थच बदलतो. मग आली कॅन बस. बॉशने १९८३ मध्ये तिचं काम सुरू केलं, १९८६ मध्ये डेट्रॉइटला ती जाहीर केली. गाडीतले कॉम्प्युटर दोन तारांवर एकमेकांशी बोलू लागले. तांब्याच्या जाडजूड जुड्या वाचल्या. पण इथे टेस्ट लॅम्प कुठे लावणार? उलट त्याने ओढलेल्या करंटने एखादं मोड्यूल जळायचं. आता हवा स्कॅनर.

अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, पण ते मुख्यतः धुराच्या प्रदूषणासाठी. दारांचे कोड बऱ्याचदा कंपनीचे स्वतःचे, स्वस्तातल्या स्कॅनरला ते वाचताच येत नाहीत. म्हणजे वायरिंगवाल्याचं कौशल्य तेच, पण गाडी त्याच्याशी बोलायलाच तयार नाही!

इथे कायदा आला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण? स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या, ती कहाणी लांबलचक आहे. पण एका बटणामागे केवढं राजकारण बघा.

असो. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. स्कॅनर सांगतो ते कॉम्प्युटरला काय दिसलं एवढंच, तुटलं काय ते नाही. 'दाराशी संपर्क नाही' असा कोड आला म्हणून लगेच महागडं मोड्यूल बदलायला होकार देऊ नका. दार आणि बॉडीच्या मधली रबरी नळी आधी उघडून बघायला सांगा. दार उघडताना-मिटताना आतल्या तारा हजारो वेळा वाकतात आणि बऱ्याचदा तिथेच तुटतात. तिथे आजही सोल्डरिंगची कांडी आणि पाहणारे डोळे लागतात. आणि लॉग वाचला म्हणजे बग सापडला असं नाही, हे आपल्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार?