सोळा वर्षं, पन्नास सीसी

या स्मरणिकेत आपल्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो असेलच. फेब्रुवारी १९९२, दहावी 'ब'. त्या फोटोत आपला एक गडी नाही, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. फोटो काढला तेव्हा तो घाटीत होता आणि त्याची मांडी मोडली होती. गाडी माझी होती, म्हणजे माझ्या वडिलांची. किल्ली मी दिली होती. तो यंदा स्नेहमेळाव्याला येतोय. हे लिहू का, असं त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "लिही की. फक्त गाडी स्लिप झाली होती, मी पाडली नव्हती, तेवढं नीट लिही." तर गाडी स्लिप झाली होती.

संपादक मंडळाने मला 'आपल्या वेळचं औरंगाबाद' असा विषय दिला होता. गुलमंडी, पैठण गेट आणि निराला बाजारावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी गेली पंचवीसेक वर्षं मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईची प्रकरणं चालवतो. म्हणून मी आपल्या पिढीच्या पहिल्या लायसन्सचा इतिहास लिहायचं ठरवलं. वाटतो तितका तो कोरडा नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली एक गोष्ट अजून चुकीची माहीत आहे.

आपण पाचवीत आलो तेव्हा शाळेच्या स्टँडवर सायकलीच सायकली होत्या. सरांच्या दोन-तीन लूना कडुलिंबाखाली वेगळ्या लावलेल्या असत. आपण दहावीत जाईपर्यंत शहर बदललं. १९८५ च्या नोव्हेंबरात वाळूजला बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झालं. वाळूज आणि चिकलठाण्याच्या नोकऱ्यांवर सिडको भरत गेलं. शाळा जुन्या शहरात, घर सिडकोत, आणि गणिताची शिकवणी तिसरीकडेच, असं आपल्यातल्या कितीतरी जणांचं झालं. एसटीची शहर बस होती, पण शिकवणीची वेळ आणि बसची वेळ यांचं कधी जमलं नाही. १९९० मध्ये बजाजची सनी आली. गिअर नाही, वजन हलकं, मुलींनाही सहज चालवता येणारी. चांगल्या पगाराच्या घरात 'पोरांसाठी सनी' असं म्हणायला तेव्हापासून सुरुवात झाली.

आता कायद्याकडे येतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याचं मूळ वय अठरा होतं. त्याच्या जागी १९८८ चा कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ मध्ये वय अठराच राहिलं, पण एक सवलत होती : गिअर नसलेली मोटारसायकल सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला चालवता येईल. (कायद्याच्या लेखी लूना आणि सनी या मोटारसायकलीच. तेव्हा हे वाचून मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.) कलम ७ प्रमाणे अशा मुलाला शिकाऊ लायसन्स हवं असेल तर पालकाची लेखी संमती लागते. म्हणजे आपण सोळा वर्षांचे झालो तेव्हा साठ सीसीची सनी चालवणं पूर्ण कायदेशीर होतं. अट एवढीच, की आधी लायसन्स काढायचं.

मी डिसेंबरात सोळा पूर्ण केली आणि जानेवारीत, पूर्वपरीक्षा संपल्याबरोबर, बाबांना घेऊन स्टेशन रोडच्या आरटीओत गेलो. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी बाबांनी तो दोनदा वाचला. ते सरकारी नोकरीत होते, न वाचता सही करत नसत. वाहतुकीच्या चिन्हांवर प्रश्न विचारले गेले, ते मला आले. ते आले यात लायसन्सच्या तयारीपेक्षा शाळेतल्या आरएसपीचा वाटा जास्त. शाळा सुटताना फाटकासमोर शिट्टी घेऊन उभं राहायची आपली पाळी असायची, ते आठवा. आयुष्यात रस्त्याबद्दल कुणी रीतसर शिकवलं असेल तर तेवढंच.

शिकाऊ लायसन्स सहा महिन्यांचं. पक्क्यासाठी किमान तीस दिवस थांबायचं, मग चाचणी, दुचाकीसाठी आठाचा आकडा. शिकाऊ लायसन्सच्या अटी तेव्हा मी वाचल्या नाहीत. पुढे वकिली करताना वाचल्या. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या चौकोनात लाल 'एल' हवा, आणि मागच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा. त्याच्याशिवाय दुसरं कुणीही मागे बसवायचं नाही. लाल 'एल' ताईने रंगवून दिला होता. शिकवणाऱ्या माणसाचा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही. मी एकटाच शाळेत येत होतो, आणि परत जाताना मागे रोज कुणीतरी बसलेलं असायचं. कोण कोण, त्यांची नावं लिहीत नाही. त्यांची मुलं हे वाचतील.

निरोप समारंभाच्या दिवशी सरांसाठी सांगितलेले हार यायला उशीर झाला. हार आणायला गुलमंडीवर कुणीतरी जायचं होतं. मी मंचावर खुर्च्या लावत होतो. तो म्हणाला, किल्ली दे, दहा मिनिटांत येतो. तो साडेपंधरा वर्षांचा होता, लायसन्सचा प्रश्नच नव्हता. सायकल येणाऱ्याला सनी येते, असा आपल्या सगळ्यांचा समज होता. परतताना वळणावर खडी सांडलेली होती आणि डाव्या हाताला हारांची पिशवी अडकवलेली होती. हेल्मेट तेव्हा कुणाच्याच डोक्यावर नसायचं. डोकं वाचलं ते नशिबाने.

तो मार्चच्या परीक्षेला बसू शकला नाही, ऑक्टोबरला बसला. पाय दीड इंच आखूड राहिला. पोलिसांत कुणी गेलं नाही. दोन्ही वडील एकदा आमच्या घरी बसले, आईने चहा केला, मला आतच थांबायला सांगितलं होतं. काय ठरलं ते मला सतरा वर्षांनी कळलं. बाबा गेल्यावर त्यांचे कागद लावताना भविष्य निर्वाह निधीतून साडेसात हजार काढल्याची नोंद दिसली, मार्च १९९२ ची. त्या काळी सनीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असावेत. सनी त्यांनी त्याच उन्हाळ्यात विकली. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

कायद्याने त्या दिवशी दोषी कोण होतं? चालवणारा तर होताच. पण कलम ५ म्हणतं, मालकाने किंवा गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने बिनलायसन्स माणसाला ती चालवू देता कामा नये. ताबा माझ्याकडे होता. कलम १८० खाली त्याची शिक्षा तेव्हा तीन महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता ती चुकीची माहिती. १९९४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि कलम ४ मधले 'गिअर नसलेली' हे शब्द काढून 'पन्नास सीसीपेक्षा जास्त नसलेली' असे शब्द घातले. दुरुस्ती लागू झाली १४ नोव्हेंबर १९९४ ला, नेमकी बालदिनी. त्या दिवसापासून साठ सीसीची सनी सोळा वर्षांच्या मुलासाठी बंद झाली. शेजारच्या नगरच्या कारखान्यातली पन्नास सीसीची लूना तेवढी चालू राहिली. गंमत अशी की पालकांच्या संमतीच्या कलम ७ मध्ये 'गिअर नसलेली' हेच शब्द राहिले. म्हणजे 'बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते' हा नियम जेमतेम साडेपाच वर्षं जिवंत होता, आणि ती नेमकी आपली वर्षं होती. आपल्यासाठी ते खरं होतं, म्हणून आपण ते पोरांनाही सांगितलं. माझ्या कार्यालयात येणारे पालक आजही मला ठामपणे सांगतात, "पण साहेब, ॲक्टिव्हाला गिअर कुठे असतात?" ते खोटं बोलत नसतात. ते १९९२ मधलं खरं बोलत असतात.

पुढे लूनाही बंद झाली. पन्नास सीसीची पेट्रोलवरची गाडी आता दुकानात मिळत नाही, स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या झाल्या. सोळा वर्षांच्या मुलाला लायसन्स देणारा नियम पुस्तकात आहे, त्या नियमात बसणारी गाडी बाजारात नाही. २०२४ मध्ये लूना विजेवर परत आली, पण विजेच्या गाडीला सीसी कुठून असणार! दुसरीकडे, २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणारी विजेची स्कूटर मोटार वाहनच धरली जात नाही. तिला ना नंबर, ना लायसन्स. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाला ती चालते. संध्याकाळी सहाला शहरातल्या कुठल्याही क्लासपुढे उभं राहा, हा सगळा इतिहास स्टँडवर एका रांगेत लावलेला दिसेल.

शिक्षा मात्र वाढली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारीही पालकाचीच. मित्राला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मला २००१ पर्यंत लायसन्स नसतं. मग माझी एमआरची नोकरी कशी झाली असती?" त्या नोकरीवर त्याने बहिणीचं लग्न केलं. पंचवीसची अट मला जास्त वाटते. पालकांवरची जबाबदारी मला जास्त वाटत नाही. न्यायालयांनी ती आधीपासूनच धरली आहे. घरातली किल्ली उचलून सतरा वर्षांच्या नातेवाइकाने मोटारसायकल नेली, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मालकालाच जबाबदार धरलं. लायसन्स नसेल तर विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि मालकाकडून वसूल करते. २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणापासून हेच चालत आलंय. वसुलीची नोटीस आली की माणसं माझ्याकडे येतात. स्कूटर ऐंशी हजारांची, आणि नोटिशीतला आकडा पाहून घरातली बाई आधी खाली बसते.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा अठराला काही महिने कमी होता. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. आपल्या मराठीच्या बाईंनी शिक्षा म्हणून निबंध कधीच दिला नाही. निबंधाचा अपमान होतो, असं त्या म्हणत.

शिकवण्याचं काय? आपल्यातली एक जण न्यू जर्सीला असते. तिच्या मुलाला तिथे सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळाला, सहा तास शिक्षकाबरोबर गाडी चालवून. सतराव्या वर्षी अर्धं लायसन्स : रात्री अकरानंतर बंदी, सोबत एकापेक्षा जास्त मित्र नाही, आणि नंबरप्लेटवर लाल खूण. पूर्ण लायसन्स अठराला. असं टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत न्यूझीलंडने १९८७ मध्ये सुरू केली, म्हणजे आपला कायदा होण्याच्या एक वर्ष आधी. ती लाल खूण तिने फोटो काढून ग्रुपवर टाकली, तेव्हा मला ताईने रंगवलेला 'एल' आठवला. आपल्याकडे जून २०२१ पासून शिकाऊ लायसन्स घरबसल्या मिळतं. १५ प्रश्नांपैकी ९ बरोबर आले की झालं. मागच्या सीटवर कोण बसलंय, हे तेव्हाही कुणी पाहिलं नाही आणि आताही पाहत नाही.

माझी मुलगी दहावीत असताना तिने स्कूटर मागितली. २०१८ च्या शेवटी स्मार्ट सिटीच्या शहर बस सुरू झाल्या होत्या, तिला पास काढून दिला. दोन वर्षं ती माझ्यावर चिडलेली होती. अठराव्या वर्षी लायसन्स काढलं, तेव्हा महिनाभर मागे मी बसलो. तिने मला दोनदा सांगितलं की बाबा, तुम्ही खांदा फार घट्ट धरता.

मित्र मेळाव्याला पुण्याहून येतोय, स्वतः गाडी चालवत. नवा ग्रुप फोटो सकाळी अकराला आहे. तो पोहोचेपर्यंत काढायचा नाही, असं फोटोग्राफरला सांगून ठेवलंय. हार मी आदल्या दिवशीच आणणार आहे.