दाब सांभाळणारा आणि दाबापासून वाचवणारा

खोपोलीच्या वीजघराचा इतिहास आपण बहुतेकदा दूरदृष्टीची गोष्ट म्हणून वाचतो. जमशेटजींची कल्पना, १९०४ साली त्यांचा मृत्यू, १९१० साली टाटा हायड्रो कंपनीची स्थापना, १९११ साली वळवण धरणाची पायाभरणी आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांकडे निघालेली वीज. सनावळी ठीकच आहे. पण माझ्यासारख्या अभियांत्रिकी शिकून सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती दाबाची आहे.

लोणावळा, वळवण, शिरवटा इथलं पाणी एरवी पूर्वेला भीमेकडे जायचं. ते अडवून पश्चिमेला, घाटाखाली सोडलं. खोपोलीपर्यंतची उंची साधारण ५२५ मीटर. दर दहा मीटरला एक किलो या हिशेबाने नळाच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला बावन्न किलोंच्या आसपास दाब येतो. घरच्या कुकरची शिटी एका किलोच्या आसपास वाजते. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला हाच प्रयोग पुन्हा झाला. आज पाताळगंगा आणि पेज उन्हाळ्यातही वाहतात त्या या दोन वीजघरांतून सुटलेल्या पाण्यामुळे.

एवढा दाब झेलणारा जाड नळ बनवता येतो. खरी अडचण हे पाणी थांबवताना येते. समजा, तारांत बिघाड होऊन विजेची मागणी क्षणात कोसळली. चाकावरचं ओझं गेलं की ते बेफाम फिरू लागतं, म्हणून पाणी ताबडतोब तोडायला हवं. पण तोटी झटकन बंद केली तर वरून येणारा सगळा स्तंभ तिच्यावर आदळतो. यालाच वॉटर हॅमर म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून त्याचं गणित मांडलं. पोलादी नळात सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी एकदम अडवलं तर दाब सुमारे दहा किलोंनी वाढतो. म्हणजे इथे दाब सांभाळणारं यंत्रच दाब वाढवू शकतं.

पेल्टन चाकावरचा रूढ उपाय कामं वाटून देण्याचा आहे. तोटीसमोरचा एक पत्रा पाण्याची धार झटकन चाकावरून बाजूला वळवतो. तोटीतली सुई मात्र सावकाश पुढे सरकत पाणी बंद करते. चाकही वाचतं आणि नळही.

कारखान्यांत धोका उलट्या बाजूला असतो. बॉयलरची वाफ दहा किलोची आणि पुढच्या यंत्राला हवी तीन किलोची. मध्ये रेग्युलेटर बसतो, आणि खर्च वाचावा म्हणून पुढचं यंत्र कमी दाबाचंच घेतलेलं असतं. रेग्युलेटरच्या बैठकीत कचरा अडकला किंवा त्याचा पडदा फाटून तो उघडाच राहिला, तर पूर्ण दाब पुढे जातो. म्हणून पुढच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. पुढच्या सर्वांत कमजोर भागाला झेपेल त्याच दाबाला तो उघडला पाहिजे, आणि पूर्ण उघड्या रेग्युलेटरमधून येणारी सगळी वाफ बाहेर टाकण्याएवढा तो मोठा पाहिजे. रेग्युलेटरला वळसा घालणारी बायपास लाइन असेल, तर तिचाही हिशेब धरावा लागतो.

हे तत्त्व कुकरच्या झाकणावरच आहे. शिटी दाब सांभाळते. डाळीचं साल अडकून तिचा मार्ग बंद झाला, तर वेगळ्या जागेचा सेफ्टी प्लग उष्णतेने वितळतो. शिटीवर तो अजिबात अवलंबून नसतो.

हा वेगळेपणा नुसता मोजून कळत नाही. १३ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेरिमॅक खोऱ्यात घरगुती गॅसच्या जाळ्यात अतिदाब झाला. एक रेग्युलेटर काम करत होता आणि दुसरा त्याच्यावर राखण ठेवून होता. पण दाब जाणणाऱ्या नळ्या बंद करायला घेतलेल्या जुन्याच वाहिनीला जोडलेल्या राहिल्या. तिथला दाब उतरला, तसा रेग्युलेटरला वाटलं की गॅस कमी पडतोय. दोघांची खबर एकाच मेलेल्या वाहिनीतून येत होती, त्यामुळे राखणदारानेही अडवलं नाही. स्फोट झाले, घरं पेटली, एक तरुण गेला.

सॉफ्टवेअरमध्येही आम्ही एका सर्व्हरवर दुसरा नजर ठेवायला बसवतो, आणि दोघेही एकाच डेटाबेसला विचारतात. कागदावर राखणदार दोन दिसतात. खरा एकच असतो, तोही ऐकीव माहितीवर चालणारा.

कर्जत-खालापूरच्या शेडमध्ये रेग्युलेटरच्या पुढच्या बाजूला जो उभा असतो, तो पुष्कळदा कंत्राटी कामगार असतो. मागे किती किलोचा दाब आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याने निदान तीन गोष्टी विचाराव्यात. इथला सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे? त्याच्या वाटेत बंद करता येणारा व्हॉल्व्ह तर नाही? आणि तो उडाला, तर वाफ कुणाच्या अंगावर जाईल?